नजर मॉनिटरवर

ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून करायची तपासणी, सुरू झाली की आयसीयूतल्या बहुतेक माना एकाच दिशेला वळतात. स्क्रीनवर आधी श्वासाच्या ट्यूबचं प्लास्टिक दिसतं, मग श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या, मग नलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तो कॅरिना. रेसिडेंट, इंटर्न, फिजिओ, शेजारच्या बेडची सिस्टर, सगळे तिकडे बघत राहतात. जिवंत माणसाच्या छातीत आतून डोकावण्याचं नवल कितीही वेळा पाहिलं तरी ओसरत नाही, हे मला मान्य आहे. मी मात्र स्क्रीनकडे पाठ करून उभी असते. एक हात पेशंटच्या ओठांशी, ट्यूबवर, नजर मॉनिटरवर, म्हणजे पेशंटच्या ऑक्सिजनचे, बीपीचे आकडे दाखवणाऱ्या दुसऱ्या पडद्यावर. मुंबईत आयसीयूची सिस्टर म्हणून निम्मं आयुष्य काढल्यावर माझं मत पक्कं झालंय, की ही प्रोसीजर सुखरूप पार पडते ती स्क्रीनकडे न बघणाऱ्या माणसामुळे.

नातेवाईकांना आम्ही 'दुर्बिणीची तपासणी' असं सांगतो. पहिला प्रश्न बहुधा येतो, "पोटात घालतात तीच का हो सिस्टर?" जात तीच, वाट वेगळी. पाच-सहा मिलिमीटर जाडीची, हवी तशी वळणारी नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा. आतून आरपार एक चॅनेल, त्यातून कफ ओढायचा, सलाइन सोडायचं, गरज पडली तर चिमटा घालायचा. दुसरा प्रश्न असतो, "मग खाली स्कोपी रूममध्ये का नेत नाही?" याचं उत्तर बेडकडे बोट दाखवूनच द्यावं लागतं. व्हेंटिलेटर. तीन-चार सिरिंज पंप, त्यातला एक नॉरॲड्रेनॅलिनचा, जो थोडा वेळ जरी बंद पडला तरी बीपी कोसळेल. मनगटात आर्टरियल लाइन, मानेत सेंट्रल लाइन, कधी छातीत ड्रेन. एवढा सगळा पसारा घेऊन जुन्या इमारतीच्या लांबलचक पॅसेजमधून, लिफ्ट कधी येते याची वाट बघत न्यायचं, तर तपासणीपेक्षा प्रवासच जास्त धोक्याचा. म्हणून स्कोप पेशंटकडे येतो. ट्रॉली ढकलत वॉर्डातले मामा येतात, पडदे ओढले जातात, आणि नातेवाईकांना बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसायला सांगावं लागतं.

आता माझा जीव ज्यात अडकलेला असतो, त्या गणिताकडे येते. पेशंटच्या तोंडातून श्वासनलिकेत गेलेल्या ट्यूबचा नंबर म्हणजे तिच्या पोकळीचा मिलिमीटरमधला व्यास. पुरुषांना बहुधा ८ नंबरची असते, बायकांना ७ किंवा ७.५. त्यात ५.७ मिलिमीटरचा स्कोप घातला, तर ८ च्या ट्यूबमधली निम्मी जागा गेली. तोच स्कोप ७ च्या ट्यूबमध्ये घातला तर दोन तृतीयांश जागा गेली. उरलेल्या फटीतून त्या माणसाचा श्वास आत जायचा आणि बाहेरही यायचा. आत ढकलायला व्हेंटिलेटर आहे, बाहेर यायला मात्र फुफ्फुसाचा स्वतःचा ताणच काय तो. त्यामुळे हवा आत जात राहते, पुरती बाहेर येत नाही, छातीत दाब साचत जातो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि बीपी उतरतं. वर डॉक्टरांनी सक्शनचं बटण दाबलं की कफाबरोबर ऑक्सिजनही ओढला जातो. ज्याला श्वास पुरत नाही म्हणूनच मशीनवर घेतलं, त्याच्याच श्वासाची वाट आपण अडवून बसतो. उपाय त्यातच आहे म्हणून हे करायचं, पण किती वेळ अडवायची याचा हिशेब कुणीतरी सतत ठेवला पाहिजे.

म्हणून तयारी. डॉक्टर स्कोप हातात घेण्याआधीचा अर्धा तास आमचा. नळीतून चालू असलेलं फीड बंद करून पोटातलं ओढून घ्यायचं. ऑक्सिजन १०० टक्के. व्हेंटिलेटरच्या प्रेशरची मर्यादा वाढवून ठेवायची, नाहीतर स्कोप आत जाताच मशीन अलार्म देऊन श्वास अर्ध्यात तोडतं आणि बाहेर गोंधळ, आत गुदमरणं. पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब, किती ठेवायचं ते डॉक्टर ठरवतात. झोपेचं औषध आणि गरज असेल तर स्नायू सैल करणारं औषध भरून, लेबल लावून. दातांमध्ये बाइट ब्लॉक हवाच, कारण गुंगीतल्या माणसानं एकदा दात आवळले तर लाखोंचा स्कोप गेला आणि त्याची वाटही बंद. हातानं दाबून श्वास द्यायची अँबू बॅग ऑक्सिजनला जोडून उशाशी. ट्यूबवरचा आकडा ओठांच्या कोपऱ्यात कितीवर आहे, समजा २२ सेंटिमीटर, तो मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे ट्यूब हलली तर कळतं. आणि पेशंट शुद्धीत असो वा नसो, त्याला सांगायचं: "काका, नळीतून छोटी दुर्बीण घालतोय, खोकला येईल, घाबरू नका, मी इथेच आहे." हे सांगण्यात माझ्या हाताखालच्या मुली कुचराई करत नाहीत, याचा मला अभिमान आहे. औषधानं निपचित पडलेल्या माणसाला किती ऐकू येतं हे बाहेरून दिसत नाही.

मॉनिटरचा बीप आम्ही कधी बंद करू देत नाही. त्या बीपचा सूर सॅच्युरेशनबरोबर, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्क्याबरोबर, खाली उतरतो. बोटावरची क्लिप उशिरा सांगते; आत जे झालं ते आकड्यात यायला काही सेकंद लागतात, आणि नॉरॲड्रेनॅलिनवरच्या पेशंटचे हात गार असले तर अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त. म्हणजे मॉनिटरवर ९१ दिसतं तेव्हा आतली गोष्ट पुढे सरकलेली असते. शिवाय ९० पर्यंत उतरायला वेळ लागतो, त्याखाली घसरण उभी आहे. म्हणून कान सुराकडे ठेवायचा. ९४ ला सूर जरा उतरला की मी "९४" म्हणते. ९१ ला "९१, सर". ९० च्या खाली जाऊ लागला की फक्त एकच शब्द, "बाहेर". चांगले डॉक्टर त्या शब्दावर स्कोप काढतात. कितीही थोडं काम उरलेलं असो, काढतात. मग पुन्हा भरपूर श्वास, पुन्हा ९८, पुन्हा आत. दहा मिनिटांचं काम असं चार तुकड्यांत होतं, आणि ते तसंच व्हायला हवं.

एक पेशंट मनात राहिलाय. लालबागच्या चाळीतले आजोबा, खुब्याच्या ऑपरेशननंतर न्यूमोनिया होऊन व्हेंटिलेटरवर आलेले. एका सकाळच्या एक्स-रेत डावी बाजू पांढरीफटक. श्वासनलिका डावीकडे ओढली गेलेली. छातीत पाणी भरलं असतं तर तिला पलीकडे ढकललं असतं. इथे ती पांढऱ्या बाजूकडेच सरकली होती, म्हणजे फुफ्फुस आकसलं होतं. रजिस्ट्रार उत्साही मुलगा, म्हणाला, "सिस्टर, स्कोप मागवा." राउंडला आलेल्या मॅडमनी विचारलं, "फिजिओ झाली का?"

हा प्रश्न मला फार आवडतो. १९७९ साली अमेरिकेत ३१ पेशंटवर झालेला एक छोटा अभ्यास आहे. अचानक आकसलेल्या फुफ्फुसाच्या भागासाठी लगेच ब्रॉन्कोस्कोपी करणं आणि नीट, नेमानं छातीचा व्यायाम, ठोके, सक्शन करणं, यांची तुलना त्यात केली होती. फार फरक पडला नाही. अभ्यास लहान असला तरी त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: एक्स-रेत त्या पांढऱ्या भागात हवेच्या काळ्या रेघा दिसत असतील, तर मोठ्या नलिका उघड्या आहेत, अडथळा खोलवर लहान नळ्यांत आहे, तिथे स्कोप पोचत नाही, वेळ द्यावा लागतो. रेघा नसतील तर मोठ्या नळीतच काहीतरी बसलंय. आजोबांच्या एक्स-रेत रेघा नव्हत्या. तरी मॅडमनी दुपारपर्यंत फिजिओला दिलं. आजोबांना उजव्या कुशीवर, डावी बाजू वर करून झोपवलं, नेब्युलायझर दिलं, फिजिओनं घाम गाळला, आम्ही सक्शन केलं. आमची सक्शन कॅथेटर बहुतेक वेळा उजवीकडेच जाते, कारण उजवी मुख्य नलिका आखूड, रुंद आणि जवळजवळ सरळ खाली उतरते, तर डावी जवळपास दुप्पट लांब आणि आडवी वळते. डावीकडचा कफ म्हणूनच आमच्या हाताला लागत नाही. दुपारी तीनपर्यंत ऑक्सिजन ८० टक्क्यांवर गेला होता. मग मॅडमनी स्कोप मागवला.

पहिल्या फेरीत स्कोप कॅरिनापाशी पोचला आणि कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. मी बघितलं नाही. ९३. ९१. बाहेर. दुसऱ्या फेरीत सलाइन सोडलं, सक्शन लावलं, पण गाठ इतकी घट्ट की चॅनेलमधून येईना. तिसऱ्या फेरीत मॅडमनी स्कोपचं टोक तिच्यावर टेकवलं, सक्शन दाबून धरलं आणि तसाच अख्खा स्कोप हळूहळू बाहेर ओढत आणला. अशा वेळी ट्यूब जराही हलता कामा नये, स्कोपबरोबर तीही निघून आली तर सगळंच संपलं. माझी बोटं आजोबांच्या गालावर रोवलेली होती. स्कोपच्या टोकाला चिकटून जे आलं ते मामांनी गॉजवर घेतलं. बोटभर लांब, पिवळट हिरवं, वाळत आलेल्या डिंकासारखं, आणि त्याला दोन लहान फांद्या. आतल्या नळ्यांचा हुबेहूब साचा. व्हेंटिलेटरवरचं प्रेशर ४० वरून २७ वर आलं, तेव्हा मी पहिल्यांदा मान वळवली. आजोबांच्या छातीची डावी बाजू उजवीबरोबर वर येत होती.

सूनबाई बाहेर दारापाशीच उभ्या होत्या. मॅडमनी त्यांना एक्स-रे दाखवून सांगितलं. त्यांनी विचारलं, "पुन्हा साठेल का हो?" साठू शकतो, हे खरं उत्तर होतं, आणि मॅडमनी तेच दिलं. कारण गाठ काढणं हा प्रसंग असतो आणि गाठ होऊ न देणं हे रोजचं काम. हवा गरम आणि ओलसर करून देणारं ह्युमिडिफायर, डोक्याकडची बाजू वर उचललेली, ठरल्या वेळी कूस बदलणं, दिवसातून अनेकदा फिजिओ, झोपेचं औषध जमेल तितकं कमी करणं म्हणजे माणूस स्वतः खोकेल. या कामांचा फोटो कुणी काढत नाही. मला विचाराल तर निम्म्या ब्रॉन्कोस्कोपी याच कामांच्या जोरावर टाळता येतात, आणि माझ्या लेखी टळलेली ब्रॉन्कोस्कोपी ही सगळ्यात चांगली झालेली ब्रॉन्कोस्कोपी.

ही विद्या सुरू झाली तीही अडकलेली वस्तू काढण्यावरून. १८९७ साली जर्मनीतल्या फ्रायबर्गला गुस्टाव्ह किलियन या डॉक्टरांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा सरळ, ताठ धातूच्या नळीतून काढला. डुकराचं मांस खाताना तो आत गेला होता. त्यानंतर कित्येक दशकं ताठ नळीचंच राज्य होतं. १९६० च्या दशकात तोक्योतल्या शिगेतो इकेदांनी काचेच्या सूक्ष्म धाग्यांचा वाकणारा स्कोप घडवून घेतला आणि ही तपासणी ऑपरेशन थिएटरमधून बेडपर्यंत येण्याची वाट मोकळी झाली. लहान मुलांच्या छातीत शेंगदाणा अडकला तर आजही भूल देऊन ताठ नळीच हाताशी धरतात, कारण तिच्यातूनच श्वास देता येतो आणि पकडही मजबूत मिळते. आमच्याकडच्या मोठ्या माणसांत सुपारीची खांडं, कवळीचा तुकडा, कधी घाईत ट्यूब टाकताना निखळलेला दात असं काय काय निघतं.

मुंबईच्या फुफ्फुसांत आणखीही बरंच काही असतं. पावसाळ्यात, रस्त्यावर पाणी तुंबून गेल्यावर आठवडाभरानं, दोन आठवड्यांनी, ताप, कावीळ, लघवी बंद आणि धाप घेऊन तरणीताठी मुलं येतात. लेप्टो, म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर या शहरात लेप्टोची जी लाट आली ती माझ्या पिढीच्या कुठल्याच सिस्टरला विसरता येणार नाही. या आजारात कधी फुफ्फुसांत सगळीकडे रक्त झिरपतं. खोकल्यातून ते बाहेर पडेलच असं नाही. एक्स-रे न्यूमोनियासारखा दिसतो. अशा वेळी स्कोप एका फाट्यात घट्ट टेकवून सलाइन सोडतात आणि परत ओढून घेतात. एकाच जागेत तीन-चार वेळा. पहिली बाटली फिकट गुलाबी, दुसरी गडद, तिसरी आणखी गडद आली, तर रक्त अगदी तळाच्या हवेच्या पिशव्यांतून येतंय असं समजतात. त्या बाटल्या मी क्रमानं, नंबर घालून ट्रेमध्ये उभ्या करते. नंबर चुकला तर तपासणीला अर्थच राहत नाही. पण ही तपासणी प्रत्येकाला झेपत नाही. ज्याचं सॅच्युरेशन १०० टक्के ऑक्सिजनवरही जेमतेम ८८ आहे, ज्याचे प्लेटलेट तळाला गेलेत, त्याच्यात स्कोप घालून जे कळणार त्यानं उपचार बदलणार आहेत का, हे आधी विचारावं लागतं. काही वेळा डॉक्टर बेडपाशी उभे राहून विचार करतात आणि ट्रॉली परत पाठवतात. त्या निर्णयाला फार धीर लागतो, कारण बाहेर नातेवाईक "काहीतरी करा" म्हणत असतात आणि ट्रॉली तर दारात उभी असते.

आणि टीबी. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलचं नाव काढलं तरी घराघरांतली एखादी जुनी गोष्ट निघते, इतका हा आजार या शहरात मुरलेला आहे. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला थुंकी द्यायला सांगता येत नाही. ट्यूबमधून ओढलेल्या कफात काही सापडलं नाही, तर स्कोपनं धुऊन काढलेलं पाणी सीबीनॅट या टीबीच्या तपासणीला पाठवतात. यंत्र दोनेक तासांत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा आहे का ते सांगतं. जिथे औषधांना न जुमानणारा टीबी इतका आहे, तिथे त्या दोन तासांचं मोल फार आहे. दुसरीकडे, व्हेंटिलेटरमुळे झालेल्या न्यूमोनियात स्कोपनंच नमुना घ्यावा की साध्या सक्शनचा पुरतो, यावर डॉक्टर मंडळी आजही वाद घालतात. २००० साली फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात स्कोपनं नमुना घेण्याच्या बाजूनं कौल आला. २००६ साली कॅनडा आणि अमेरिकेतल्या ७४० पेशंटच्या अभ्यासात जीव वाचण्याच्या बाबतीत दोन्ही सारखेच ठरले. आमच्या युनिटमध्ये त्यामुळे सरसकट नियम नाही; प्रतिकारशक्ती ढासळलेला पेशंट असेल, अँटिबायोटिक देऊनही गाडी पुढे सरकत नसेल, तर स्कोप. मला हा समजूतदारपणा पटतो.

धुऊन काढायला सोडलेलं सलाइन सगळं परत येत नाही, निम्मं आतच राहतं. म्हणून प्रोसीजर संपली, डॉक्टर हात धुऊन गेले, की सिस्टरचं काम संपत नाही. पुढचे काही तास ऑक्सिजन जरा जास्तच लागतो. संध्याकाळी काही जणांना थंडी वाजून ताप येतो. ड्यूटी बदलताना हे पुढच्या सिस्टरला सांगितलं नाही, तर ती बिचारी नवीन इन्फेक्शन समजून रात्रभर धावपळ करेल.

रक्ताच्या उलट्या म्हणून आलेला पण खरं तर खोकल्यातून रक्त टाकणारा पेशंट, हा प्रकारच वेगळा. जुन्या टीबीनं फुफ्फुसात पोकळी करून ठेवलेली असते, वर्षांनंतर तिथली रक्तवाहिनी फुटते. इथे माणूस रक्त गेल्यानं दगावत नाही, गुदमरून दगावतो. श्वासाच्या मोठ्या नळ्यांची सगळी मिळून पोकळीच साधारण १५० मिलिलिटर. कपभर रक्त ती भरून टाकायला पुरे. रक्त येणारी बाजू कळली की ती खाली करून कुशीवर वळवायचं, म्हणजे चांगली बाजू बुडत नाही. स्कोपनं बाजू शोधायची, गार सलाइन सोडायचं, जमलं तर फुगा फुगवून ती नळी बंद करायची आणि रेडिओलॉजीवाल्यांना रक्तवाहिनी आतून बुजवण्यासाठी उठवायचं. अशा वेळी स्क्रीनवर नुसता लाल रंग दिसतो, म्हणजे सगळेच आंधळे झालेले असतात, आणि खोलीत खरं बोलणारा एकटा मॉनिटर उरतो.

गळ्याला भोक पाडून ट्रॅकिऑस्टॉमी बेडवरच करतात तेव्हा मात्र मी स्क्रीनचा मान राखते. ट्यूब मागे ओढत स्वरयंत्राच्या जरा खालीच आणून थांबवायची, आतला स्कोप बघत राहतो, बाहेरून सुई येते ती बरोबर मध्ये, कड्यांच्या मधून आली का आणि मागच्या भिंतीला लागत तर नाही ना, हे तिथेच कळतं. तिथेही ट्यूब धरणारा हात वेगळा आणि मॉनिटर बघणारे डोळे वेगळे लागतात.

कोविडमध्ये, २०२० साली, ब्रॉन्कोस्कोपी जवळजवळ थांबल्याच होत्या. खोकल्यातून विषाणू खोलीभर उडण्याची भीती होती, आणि ती खरी होती. ज्या टाळता येत नव्हत्या त्या तीन माणसांत व्हायच्या. पीपीईच्या आत आवाज पोचायचा नाही, चष्म्यावर वाफ. आम्ही हाताच्या खुणा ठरवल्या: एक बोट म्हणजे ९४, दोन म्हणजे ९१, मूठ म्हणजे बाहेर. त्या काळात एकदा वापरून टाकून द्यायचे स्कोपही दिसू लागले. धुण्याचा प्रश्नच नाही, रात्री दोन वाजताही हाताशी तयार. पण किमतीकडे बघितलं आणि कचऱ्याच्या पिशवीकडे बघितलं की पालिकेच्या किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलला ते रोज परवडणार नाहीत हे कळतं. तेव्हा धुणं आलंच.

त्या धुण्याबद्दल मी जरा जास्तच बोलते, बोलू द्या. स्कोप बाहेर आला की तो तसाच ट्रेमध्ये ठेवून चहाला जायचं नाही. कफ आत वाळला की काही केल्या निघत नाही. तिथल्या तिथे पाणी ओढून चॅनेल धुवायचं. मग लीक टेस्ट: हवा भरून पाण्यात धरायचा, बुडबुडा आला तर कुठेतरी भोक आहे आणि तो स्कोप वापरायचा नाही. मग एन्झाइमचं द्रावण आणि ब्रश, चॅनेलच्या या तोंडातून त्या तोंडापर्यंत, ब्रश स्वच्छ निघेपर्यंत. मग २ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये २० मिनिटं. त्याच्या वासानं डोळे झोंबतात, म्हणून खोलीला एक्झॉस्ट हवा. मग भरपूर पाणी, अल्कोहोल, हवा मारून पूर्ण कोरडा, आणि कपाटात उभा टांगलेला. सूटकेसमध्ये गुंडाळून ठेवलेल्या ओल्या स्कोपच्या पोटात स्यूडोमोनास हा जंतू सुखानं वाढतो. अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या हॉस्पिटलात चॅनेलचं टोपण सैल बसल्यामुळे त्या जंतूची लागण एका पेशंटकडून दुसऱ्याकडे गेल्याचं २००३ साली छापून आलं होतं. आमच्याकडे हे काम करणारे मामा प्रत्येक स्कोपची वेळ, पेशंटचा नंबर आणि आपली सही वहीत घालतात. आयसीयूत नवीन येणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला मी आधी त्यांच्याकडे पाठवते आणि एक स्कोप पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं धुवायला लावते. त्यानंतर ती मुलं स्कोप जपून हाताळतात.

राहता राहिला तो एक शब्द, "बाहेर". उच्चारायला सोपा, उच्चारणं अवघड. नुकतीच लागलेली बावीस-तेवीस वर्षांची सिस्टर, समोर विभागप्रमुख, त्यांच्या हातात स्कोप, सगळे स्क्रीनकडे बघतायत, काम निम्म्यावर आलंय. अशा वेळी मुलगी "सर, सॅच्युरेशन..." एवढंच पुटपुटते आणि गप्प होते. मी शिकवते ते इतकंच, की वाक्य अर्धं सोडायचं नाही. आकडा सांग, आणि मग काय करायचं ते सांग. आणि आमच्या मॅडमनी नियम घातलाय: स्कोप आत घालण्याआधी त्या विचारतात, "आज मॉनिटर कोण बघतंय?" ज्याचं नाव येईल त्याचा शब्द त्या दहा मिनिटांपुरता शेवटचा. हा नियम मला दर आयसीयूत हवा आहे. त्याला पैसे लागत नाहीत, मशीन लागत नाही.

अलीकडेच साताऱ्याहून आलेल्या एका मुलीची पहिली वेळ होती. बाहेरून बोलावलेले मोठे सर स्कोप करत होते, या युनिटचा नियम त्यांना ठाऊक नव्हता. मी पलीकडच्या बेडला होते. सूर उतरताना ऐकला आणि वळले, तेवढ्यात तिचा आवाज आला, जरा कापरा पण स्वच्छ: "८९, सर. बाहेर या." सरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि स्कोप काढला. तिनं व्हेंटिलेटर जोडलेला आहे ना ते बघितलं, ट्यूबवरचा आकडा वाचला, "२२ वरच आहे." नव्वदपासून आकडा सावकाश चढू लागला.

सर थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "सिस्टर, जाऊ का आत?"

"९६ होऊ द्या," ती म्हणाली. "आत्ता ९३ आहे."